सरडे वाढले, पण पठार सुधारलें काय ?

'सरड्याची धांव कुंपणापर्यंत' ही म्हण आपल्यापैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं कोणाला तरी हिणविण्यासाठीं वापरलेली असते. ज्याची उडी थोडी, ज्याचें जग लहान, त्याला आपण सरड्याच्या पंक्तीस बसवितों. परंतु म्हण रचणाऱ्यानें एक प्रश्न विचारलाच नाहीं. तें कुंपणच माणसानें उपटून टाकलें, त्याच्या बुडाशीं वाढलेलें गवत जाळलें, दगड उचलून नेले आणि जमीन सपाट केली, तर त्या सरड्यानें धांवावें कोठें आणि खावें काय ? आपल्या भोंवतालचीं माळरानें, टेकड्या व पठारें ज्या वेगानें बदलत आहेत तो वेग पाहतां हा प्रश्न केवळ सरड्याचा राहिलेला नाहीं.

ह्या प्रश्नाला आपल्याकडे एक सोपें उत्तर तयार असतें. 'निसर्ग आपलें आपण पाहून घेतो. प्राणी कसेंही करून जगतात,' असें म्हणून आपण मोकळे होतों. घराच्या भिंतीवर पाल असते, शाळेच्या आवारांत सरडा दिसतो, मग चिंता कसली ? हें उत्तर मनाला गोड लागतें, कारण तें मानलें म्हणजे आपल्याला करावयाचें असें कांहींच उरत नाहीं. परंतु जें उत्तर ऐकून माणूस हातावर हात ठेवून बसतो, तें एकदां तपासून पाहणें बरें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. बिघडलेल्या जागेंत सरडा तगतो ही गोष्ट खरी. त्यासाठीं तो पोट भरण्याची आपली रीतही बदलतो, हेंही खरें. परंतु त्याचें तगणें हा त्या जागेच्या आरोग्याचा दाखला नव्हे. कित्येकदां तर सरडे संख्येनें वाढलेले असतात आणि तरीही ती जागा आंतून पोखरली गेलेली असते. ह्याचें एक स्पष्ट उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यांतच घडलेलें आहे. तें नीट कळावें म्हणून आधीं सरडा पोट कसें भरतो, हें पाहिलें पाहिजे.

सरडा, पाल, सापसुरळी आणि घोरपड हीं सारीं एकाच मोठ्या कुळांतील भावंडें होत. परंतु ह्या कुळांत पोट भरण्याचे दोन निरनिराळे धंदे चालतात. पहिला धंदा दबा धरून बसणाऱ्यांचा. कुंपणाच्या खुंटावर किंवा दगडाच्या माथ्यावर सरडा पुतळ्यासारखा बसलेला असतो. त्याची नजर मात्र सारखी फिरत असते. हालणारा किडा टप्प्यांत आला कीं तो झेप घेतो, घांस गिळतो आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतो. दुसरा धंदा हिंडणाऱ्यांचा. सापसुरळी पाचोळ्यांतून सरसरत जाते, घोरपड जीभ बाहेर काढीत बिळें हुंगते व जमीन उकरते. जें भक्ष्य लपून बसलेलें असतें तें ह्या शोधून काढतात. एरिक पियांका ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६६ सालीं ह्या दोन रीतींमधील भेद स्पष्टपणें मांडला, आणि पुढें १९८१ सालीं रेमंड ह्यूई ह्यांच्यासह आफ्रिकेंतील कालाहारी वाळवंटांतील सरड्यांवरून त्या भेदाचा जमाखर्चही दाखविला. हिंडणाऱ्या जातींना रोजच्या जगण्यासाठीं बसणाऱ्या जातींच्या सुमारें १.३ ते १.५ पट शक्ति खर्चावी लागते. पण त्यांच्या पदरीं पडणारें अन्नही सुमारें १.३ ते २.१ पट असतें, असा त्यांचा हिशेब होता. बसणाऱ्याच्या वांट्याला हालतें भक्ष्य येतें, तर हिंडणाऱ्याला वाळवीसारखें एका जागीं दडलेलें भक्ष्य मिळतें.

ह्यावरून एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. प्रत्येक धंद्याला जसें आपलें हत्यार लागतें, तशी सरड्याच्या प्रत्येक रीतीला आपली जमीन लागते. बसणाऱ्याला उंचवटा पाहिजे. हिंडणाऱ्याला पाचोळा, फटी आणि उलटे पडलेले दगड पाहिजेत. डोंगरावरचे दगड बांधकामासाठीं उचलून नेले, तर ज्यानें तेथून भोंवताल न्याहाळावयाचा त्याची बैठकच गेली. पालापाचोळा रोज झाडून जाळला, तर पाचोळ्यांत पोट भरणाऱ्याचें कोठार गेलें. आपण 'थोडी साफसफाई केली' म्हणतों. पण त्या जिवांच्या दृष्टीनें तें एखाद्याचें दुकान मोडण्यासारखें होय.

तिसरी एक गोष्ट दोघांनाही लागते, ती म्हणजे ऊन आणि सांवली ह्यांचें योग्य मिश्रण. आपल्यासारखी शरीरांतच ऊब निर्माण करण्याची सोय सरड्याला नसते. तो सकाळीं उन्हांत अंग शेकतो, मग शिकारीला लागतो आणि ऊन फार चढलें कीं सांवलींत किंवा बिळांत शिरतो. म्हणून त्याच्या शिकारीचे तास मोजकेच असतात. सांवली देणारें झुडूप तोडलें, तर तो उन्हानें मरेलच असें नव्हे. परंतु एरव्हीं ज्या वेळीं तो खात असता, त्या वेळीं त्याला उपाशी दडून बसावें लागेल. हें नुसतें अनुमान नाहीं. मेक्सिको देशांत १९७५ ते १९९५ ह्या काळांत कांटेरी खवल्यांचे सरडे जेथें जेथें आढळले होते, अशीं २०० ठिकाणें बॅरी सिनेर्व्हो व त्यांचे सहकारी ह्यांनीं पुन्हां तपासलीं. त्यांचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्या ठिकाणांपैकीं १२ टक्के ठिकाणीं सरडे उरलेच नव्हते. त्यांनीं दाखविलेलें कारण असें कीं, हवा अधिक तापल्यामुळें विणीच्या हंगामांत सरड्यांना दिवसाचे पुष्कळ तास आडोशाला काढावे लागतात आणि पिल्लांच्या पोषणास पुरेल इतकें अन्न मादीला गोळा करतां येत नाहीं. त्या सरड्यांवर कोणीं दगड मारला नव्हता, त्यांना कोणीं विष घातलें नव्हतें. त्यांच्या जेवणाचे तास मात्र कमी झाले होते.

आतां कोणी म्हणेल, भिंतीवरची पाल तर माणसाच्या सोबतीनें भरभराटीस आली, तिचें काय ? हा आक्षेप योग्य आहे, आणि पालीकडे पाहण्यासारखें पुष्कळ आहे. रानांत पाल रात्रीं झाडांच्या सालींत व खडकांच्या फटींत भक्ष्य शोधते. घरांत आल्यावर तिनें पाहिलें कीं दिव्यापाशीं पतंग व चिलटें आपण होऊन गोळा होतात. तिनें हिंडणें कमी केलें आणि दिव्याजवळचा कोपरा धरला. जागा बदलली तशी पोट भरण्याची रीत बदलण्याचें ह्याहून घरगुती उदाहरण सांपडणार नाहीं.

परंतु ह्या सुखाच्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. आपल्याकडे घरोघरीं 'चुक् चुक्' करणारी जी पाल आढळते, तीच जात जहाजांतून व मालांतून प्रशांत महासागरांतील बेटांवर पोंचली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती हवाई बेटांवर जाऊन स्थिरावली. तेथें तिच्या आधीपासून एक लहान पाल रहात असे. त्या जातींत नर नसतातच म्हटलें तरी चालेल. माद्याच माद्यांना जन्म देतात. नवी पाल आल्यावर इमारतींच्या भिंतींवरून ही लहान पाल मागें हटूं लागली. असें कां होतें, हें केनेथ पेट्रेन व टेड केस ह्या शास्त्रज्ञांनीं विमानें ठेवण्याच्या मोठ्या कोठारांत प्रयोग करून तपासलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असें आढळलें कीं मोठी पाल मुख्यतः मारामारी करून जिंकत नाहीं. ती दिव्यापाशीं जमलेले किडे अधिक चपळाईनें संपविते. लहान पाल उपाशी राहते, कृश होते आणि अंडीं कमी घालते. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष पुढेंच आहे. भिंत अगदीं गुळगुळीत व मोकळी असली म्हणजे लहान पालीची हार जबर होते. त्याच भिंतीवर आडपडदे व कोपरे निर्माण केले म्हणजे तिचा तोटा कमी होतो.

ह्या प्रयोगांत केवळ पालींची हकीकत नाहीं. जागा जितकी खडबडीत, जितक्या तिच्यांत फटी व आडोसे, तितकी दुबळ्याला जगण्यास वाट असते. माणूस जेव्हां सारें सपाट, सारें गुळगुळीत, सारें उजेडांत आणतो, तेव्हां तो नकळत बलवानाचा पक्ष घेतो. म्हणून भिंतीवर पाली पुष्कळ दिसतात एवढ्यावरून 'सर्व कांहीं ठीक आहे' असें म्हणतां येत नाहीं. कोणत्या पाली दिसतात व कोणत्या दिसेनाशा झाल्या, हें विचारावें लागतें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. साताऱ्याहून सज्जनगड व ठोसेघर ह्यांच्या वाटेनें पुढें गेलें म्हणजे चाळकेवाडीचें पठार लागतें. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच असलेलें हें पठार जांभ्या दगडाचें आहे. वर मातीचा थर पातळ. पावसाळ्यांत गवत व फुलें, आणि उन्हाळ्यांत करडा खडक व वाळलेलें गवत. वाटसरूला तें ओसाड वाटतें. सरकारी नकाशांतूनही उघडी खडकाळ जमीन 'पडीक' ह्या सदराखालीं मांडण्याची चाल आहे. पण ह्या 'पडीक' जमिनीवर एक अतिशय सुंदर सरडा राहतो. नराच्या गळ्याखालीं निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांचा एक पडदा असतो. पावसाळ्याच्या आधीं विणीच्या दिवसांत नर एखाद्या दगडावर चढतो आणि तो पडदा पंख्यासारखा उघडून मिटून मादीला आपलें अस्तित्व कळवितो. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या सरड्याला स्वतंत्र नांव दिलें, 'सरडा सुपर्बा'. त्यांतील पहिला शब्द आपल्या मराठींतूनच घेतलेला आहे. ज्या शब्दानें आपण एकमेकांस हिणवितों, तो आतां जगांतील शास्त्रग्रंथांत मानानें बसला आहे, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्या पठारावर वारा जोराचा असतो. म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथें वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पठाराच्या कांहीं भागांत त्या आहेत, कांहीं भागांत नाहींत. त्यामुळें तुलना करण्यास चांगली सोय झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मारिया ठाकर, तसेंच अमोद झांबरे व हर्षल भोसले ह्या संशोधकांनीं दोन्हीं भागांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध केले. ते असे आहेत. जेथें पवनचक्क्या आहेत, तेथें घारीच्या जातीचे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनें कमी आढळले. सरड्यांची दाटी मात्र तेथें अधिक होती. त्या सरड्यांच्या रक्तांत, संकटाच्या वेळीं वाढणारें कॉर्टिकोस्टेरोन नांवाचें द्रव्य कमी प्रमाणांत वाढत होतें. माणूस पुष्कळ जवळ येईपर्यंत ते पळत नसत. आणि, हें विशेष, शरीराच्या मानानें त्यांचें वजन कमी होतें, तसेंच नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके होते.

ह्या निष्कर्षांचा अर्थ सावकाश लावला पाहिजे. दगडावर बसलेला सरडा कधींच एकचित्तानें जेवत नाहीं. त्याचें अर्धें लक्ष मुंगीकडे आणि अर्धें आकाशाकडे असतें. आकाशांतील भीति कमी झाली तर त्याला मोकळेपणानें खातां यावें, तो लठ्ठ व्हावा, असें आपल्याला वाटेल. घडलें तें उलट. मारणारे कमी झाल्यानें खाणारीं तोंडें वाढलीं. जमीन तेवढीच, किडे तेवढेच, पण वांटेकरी अधिक. म्हणून प्रत्येकाच्या वांट्याला घांस कमी आला असावा, असाच संशोधकांचा तर्क आहे. भीति गेली, आणि तिची जागा उपासानें घेतली. शिवाय जो सरडा पळण्याची संवय विसरला, त्याच्यावर उद्यां शिकारी पक्षी पुन्हां उतरूं लागले तर त्याची काय गति होईल, हाही विचार करण्यासारखा आहे.

समजा, एखादा अधिकारी घाईनें त्या पठारावर गेला आणि त्यानें केवळ सरडे मोजले. त्याच्या वहींत काय लिहिलें जाईल ? 'पवनचक्क्यांच्या भागांत सरडे अधिक आहेत. सबब प्राण्यांस कांहीं अपाय नाहीं.' आंकडा खरा, आणि निष्कर्ष मात्र चुकीचा ! पक्षी गेल्याचें त्यांत नाहीं, सरडे कृश झाल्याचें नाहीं, रंग उतरल्याचें नाहीं. एखाद्या वसतिगृहांत मुलांची संख्या वाढली एवढ्यावरून तेथील जेवण सुधारलें असें कोणताही सुज्ञ पालक मानणार नाहीं. तो मुलाचा चेहरा पाहील, त्याचें वजन विचारील. जी सावधगिरी आपण आपल्या मुलांच्या बाबतींत दाखवितों, ती जमिनीच्या बाबतींत कां दाखवीत नाहीं ?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, प्राणी खरोखरच बदलतात. पोर्टो रिको बेटावरील शहरांत राहणाऱ्या एका सरड्याचे पाय रानांतील भाऊबंदांपेक्षां लांब झालेले असून बोटांखालच्या पकड घेणाऱ्या पट्ट्याही अधिक आहेत, असें क्रिस्टिन विंचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं दाखविलें. गुळगुळीत भिंतींवर चढून पोट भरणाऱ्याला हा बदल सोयीचाच होय. दोन्हीं ठिकाणच्या सरड्यांचीं पिल्लें एकाच प्रकारच्या जागेंत वाढविलीं तरी तो भेद टिकून राहिला. म्हणजे बदल रक्तांत उतरला. हें सर्व मला मान्य आहे, आणि त्याचें कौतुकही वाटतें. परंतु येथें आपण जो उत्तीर्ण झाला त्याचाच निकाल वाचीत आहों. ज्या मुलांनीं परीक्षेपूर्वींच शाळा सोडली, त्यांचीं नांवें निकालपत्रांत येत नाहींत. म्हणून तीं मुलें नव्हतींच असें ठरत नाहीं. एका चिवट जातीनें शहर सोसलें, ह्यावरून सगळ्या जाती सोसतील असें म्हणणें हा तर्क नव्हे, ती आपल्या मनाची समजूत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विजेवांचून आतां कोणाचें चालतें ? दगडी कोळसा जाळण्यापेक्षां वारा वापरणें शतपट चांगलें नव्हे काय ? हवा तापल्यानें मेक्सिकोंतील सरडे नाहींसे झाले, असें वर सांगितलें. मग हवा तापविणारा धूर ज्या यंत्रानें कमी होतो त्यालाच दोष कां द्यावा? ह्या आक्षेपाशीं माझें भांडण नाहीं. पवनचक्की वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. वीज पाहिजे, आणि ती शक्य तितकी निर्मळ मार्गानें मिळाली पाहिजे. परंतु 'निर्मळ' हा शब्द एकदां उच्चारला कीं पुढचा हिशेब विचारूंच नये, हा जो परिपाठ पडूं पाहत आहे, त्याला माझा विरोध आहे. मार्ग चांगला असला तरी त्यावर कोणाचें घर आहे, हें पाहूनच तो आंखावा.

म्हणून तीन गोष्टी आग्रहानें मागाव्या असें मला वाटतें. पहिली, असे कारखाने व यंत्रें उभारतांना आधींच फोडलेली, खणलेली किंवा बांधलेली जमीन प्रथम निवडावी. जिवंत पठाराला 'पडीक' म्हणून पहिला हात लावूं नये. दुसरी, काम सुरू होण्यापूर्वीं व झाल्यावर तेथील प्राण्यांची नुसती मोजदाद न करतां त्यांची प्रकृतीही तपासावी. सरडे किती, ह्याच्या जोडीला सरडे कसे आहेत, काय खातात व त्यांना खाणारे कोण उरले, हेंही नोंदवावें. तिसरी, जेवढी जमीन यंत्राच्या पायाला व रस्त्याला लागेल तेवढीच सपाट करावी. भोंवतालचे दगड, झुडपें व खांचखळगे जसेच्या तसे राहूं द्यावे. ह्या मागण्यांना खर्च पडतो, हें खरें. पण गेलेली घार व उतरलेला रंग परत आणण्याचा खर्च कोणालाच झेपणारा नाहीं. २०१२ सालीं साताऱ्याजवळचेंच कासचें पठार पश्चिम घाटांतील इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादींत गेलें, तेव्हां आपल्याला अभिमान वाटला. त्याच जातीच्या खडकाचें, त्याच वाऱ्यांतलें चाळकेवाडीचें पठार त्या यादींत नाहीं, म्हणून तें कमी मोलाचें ठरत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांसाठीं दोन शब्द. तुम्हीं एवढें सर्व नुसतें वाचून मान हालवूं नये. शाळेच्या किंवा घराच्या आवारांत एखादा सरडा निवडा. सकाळीं आठ वाजतां, दुपारीं व संध्याकाळीं चार वाजतां, प्रत्येक वेळीं दहा मिनिटें दूर शांत उभे राहून त्याच्याकडे पाहा. तो उन्हांत आहे कीं सांवलींत, किती वेळां झेप घेतो, किती वेळां घांस मिळतो, किती लांब धांवतो, आकाशांत पक्षी आला तर काय करतो, हें वहींत लिहा. मग जेथें गवत व झुडपें आहेत अशा बाजूचा एक सरडा आणि जेथें सारें छाटून गुळगुळीत केलें आहे अशा बाजूचा एक सरडा, ह्यांची तुलना करा. एका महिन्याच्या नोंदींतून तुम्हांला जें कळेल, तें पाठ केलेल्या धड्यापेक्षां अधिक काळ लक्षांत राहील. मात्र सरड्याला पकडूं नका, त्याच्या गळ्यांत दोरा बांधूं नका, आणि तो मान हालवितो म्हणून त्यास दगड मारूं नका. तो तुम्हांला वेडावून दाखवीत नसतो. ती त्याची आपल्या जातभाईंशीं बोलण्याची रीत आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. घरांतील पाल विषारी नसते. तिच्याविषयींची भीति मुलांच्या मनांत आपणच घालतों. तिला झाडूनें मारण्याचें कारण नाहीं. ती रात्रभर दिव्यापाशीं आपलींच चिलटें टिपीत असते. ज्यांच्याकडे परसू किंवा अंगण आहे, त्यांनीं एक कोपरा तरी 'अस्वच्छ' राहूं द्यावा. चार दगडांची रास, थोडा पाचोळा, एखादें झुडूप. किडे मारण्याचें औषध फवारण्यापूर्वीं, त्या किड्यांवर आणखी कोण जगतो ह्याचा क्षणभर विचार करावा. ही फार मोठी समाजसेवा नव्हे. परंतु मुलें बोललेल्या उपदेशापेक्षां पाहिलेल्या आचरणावरून अधिक शिकतात, हा अनुभव प्रत्येक घरांत आहे.

ह्या शाळेंतील मुलामुलींपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी मामलेदार होईल, कोणी जमिनीचा मालक होईल. एखाद्या डोंगराचा नकाशा त्याच्या मेजावर येईल आणि त्यावर कोणीतरी लिहिलेलें असेल, 'येथें कांहीं नाहीं.' त्या वेळीं त्यानें सही करण्यापूर्वीं एकदां तेथें जाऊन यावें, दगडावर बसलेल्या सरड्याकडे दहा मिनिटें पाहावें, आणि मगच ठरवावें, कीं तेथें खरोखर कांहीं नाहीं काय.